पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष

त्या रविवारी मनोहरराव गिरडकरांनी जावयाच्या गाडीचा पुढचा कप्पा उघडला तो फक्त डांबरगोळ्या ठेवण्यासाठी. हुडकेश्वरच्या त्यांच्या गल्लीत उंदीर उदंड, आणि महागड्या गाड्यांच्या वायरी उंदरांना विशेष रुचतात असं शेजारच्या बापूजींचं मत होतं. गोळ्यांना जागा करताना कप्प्यातून एक जाडजूड पुस्तक निघालं. गाडीचं माहितीपुस्तक. मनोहररावांना छापील कागद दिसला की तो वाचल्याशिवाय खाली ठेवता येत नसे, मग तो चिवड्याच्या पुडीचा का असेना. ते तिथेच, सीटवर आडवे बसून, चपला घातलेले पाय बाहेर सोडून, पुस्तक वाचू लागले.

सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की इंजिन ऑइल दर पंधरा हजार किलोमीटरनंतर किंवा एका वर्षानंतर बदलावे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा.

मनोहररावांनी बोटांवर महिने मोजले.

गाडी त्यांच्या पोर्चमध्ये येऊन चौदा महिने झाले होते. मुलगी उन्नती आणि जावई दुर्गेश कंपनीच्या कामावर जर्मनीला गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात दुर्गेशने गाडीचं सगळं काम करून घेतलं आणि "बाबा, ठेवून जातो, वापरा" म्हणून किल्ली हातात दिली. यातला "वापरा" हा शब्द मनोहररावांनी निव्वळ शिष्टाचार म्हणून घेतला, आपण निघालेल्या पाहुण्याला "राहा अजून चार दिवस" म्हणतो तसा. गाडी अशी की पोर्चमध्ये उभी राहिली तर फाटक लागत नव्हतं. म्हणून फाटक काढून दोन फूट पुढे बसवलं होतं. दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते इंजिन सुरू करत, दहा मिनिटं चालू ठेवत, बंद करत आणि मऊ फडक्याने बॉनेट पुसत. चौदा महिन्यांत गाडी एकूण दीडशे मीटर चालली असेल, तीही पोर्च धुताना मागेपुढे केली म्हणून. म्हणजे किलोमीटर पाहिले तर ऑइल कोरं करकरीत होतं, आणि कॅलेंडर पाहिलं तर त्याची मुदत संपून दोन महिने झाले होते.

दुसऱ्या एखाद्याने पुस्तक मिटून डांबरगोळ्या ठेवल्या असत्या. पण मनोहररावांनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषध भांडारात काढली होती. मुदत या शब्दाला त्यांच्या लेखी जे स्थान होतं ते इतरांच्या घरी कुलदैवताला असतं. सलाइनच्या खोक्यांवरची तारीख पुसट छापली गेली म्हणून त्यांनी एकदा भरलेला ट्रक दारातून परत पाठवला होता. घरातल्या लोणच्याच्या बरणीवर, हिंगाच्या डबीवर, इतकंच काय, टूथब्रशच्या दांडीवरही त्यांच्या सुवाच्य अक्षरात तारखेची चिठ्ठी असे. कुसुमताई एकदा म्हणाल्या होत्या, "आपल्या लग्नाले एक्केचाळीस वर्षं झाली. त्याची तारीख कोणती टाकली ते पाहून घ्या बरं एकदा." मनोहरराव तेव्हा हिंगाच्या डबीवरची चिठ्ठी नीट चिकटवू लागले होते. काही प्रश्न न ऐकलेले बरे असतात, हे त्यांना नोकरीत कळलं होतं.

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर यादी केली. इंजिन ऑइल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट, ब्रेकचं ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल आणि शेवटी काच धुण्याचं पाणी. यातल्या गिअरबॉक्सपुढे पुस्तकात छापलं होतं की हे ऑइल आयुष्यभरासाठी भरलेले आहे. मनोहरराव यावर अर्धा तास अडले. कोणाच्या आयुष्यभरासाठी? गाडीच्या, ऑइलच्या, का मालकाच्या? भांडारात असं औषध आलं असतं तर त्यांनी ते दारातच थांबवलं असतं.

"दुर्गेशले फोन करा अन् विचारा," कुसुमताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"त्याले काय सांगू? तुही गाडी सांभाळाले देल्ली अन् मी तिची मुदत घालवून बसलो? उन्नतीले वाटन, बाबाले एक गाडी सांभाळता आली नाही."

"गाडी उभीच तर हाये. उभ्या गाडीचं काय बिघडते?"

हाच तर खरा प्रश्न होता, आणि तो सोडवायला मनोहररावांनी बापूजींना बोलावलं.

बापूजी एकोणतीस वर्षं एसटीचे चालक होते. यंत्राविषयी त्यांना शंका अशी कधी नसेच. "ऑइल पुस्तकात नाही पाह्यत, मनोहरराव," ते बाह्या वर करत म्हणाले. "दांडी काढाची, दोन बोटात ऑइल घ्याचं, घासाचं अन् वास घ्याचा. ते सोताच सांगते किती दिवसाचं हाये ते."

बॉनेट उघडलं. आत इंजिन असायला हवं होतं तिथे एक मोठं काळं झाकण होतं, गुळगुळीत, त्यावर कंपनीची चांदीची खूण. बापूजींनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून पाहिलं. ऑइल तपासायची दांडी कुठेच नव्हती. मनोहररावांनी पुस्तकात शोधलं तर तिथे लिहिलं होतं की या गाडीला दांडी नसते, ऑइल किती आहे ते पडद्यावर दिसतं.

बापूजींनी बाह्या खाली केल्या. "हे गाडी नोहे जी," ते शांतपणे म्हणाले, "हे फ्रिज होय."

पण एकोणतीस वर्षांचा अनुभव घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परत कसा जाणार? यादीतली शेवटची गोष्ट, काच धुण्याचं पाणी, ही तरी आपल्या हातची आहे असं दोघांचं एकमत झालं. पुस्तकात लिहिलं होतं की स्वच्छ पाण्यात सौम्य साबण मिसळून भरावे. बाजारातल्या साबणावर मनोहररावांचा विश्वास नव्हता. कुसुमताई रेशमी साड्या रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि तीस वर्षांच्या साड्या अजून झळकतात, तेव्हा काचेला रिठाच योग्य असं ठरलं. कुसुमताईंनी वाटीभर रिठे भिजवले, उकळले, गाळले आणि लिटरभर पाणी करून दिलं. "नक्की गाडीतच टाकता ना?" एवढं त्यांनी विचारलं होतं, हे पुढे घडलं त्याच्या दृष्टीने नोंदवून ठेवायला हवं.

बॉनेटखाली एका पांढरट टाकीच्या टोपणावर चित्र होतं. एक उभी दांडी आणि तिच्याखाली लाटा. बापूजींनी चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि निकाल दिला. "पाण्यात उभा केलेला पाइप. म्हंजे पाण्याची टाकी. पाहा, आत गुलाबी रंगाचं हाये. कंपनीनं साबण टाकूनच देल्लं."

ती दांडी म्हणजे पाइप नसून तापमापक होता आणि ते गुलाबी पाणी म्हणजे कूलंट होतं, हे दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. काच धुण्याच्या पाण्याचं खरं टोपण पलीकडच्या कोपऱ्यात काचेचं आणि फवाऱ्याचं सुरेख चित्र मिरवत बसलं होतं. तिकडे कोणी पाहिलं नाही. मनोहररावांनी गाळणी लावून, एक थेंब न सांडता, मावेल तेवढं रिठ्याचं पाणी त्या टाकीत भरलं.

पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला त्यांनी इंजिन सुरू केलं.

सात मिनिटं सगळं ठीक होतं. आठव्या मिनिटाला गाडीने मंजुळ घंटा वाजवली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. चष्मा आत राहिला होता, त्यामुळे मनोहरराव ती वाचू शकले नाहीत. ते चष्मा आणायला उतरले, तर पायाखाली काहीतरी कोमट, मऊ लागलं. गाडीच्या पुढच्या चाकांमधून गुलाबी फेस निघत होता. थोडाथोडका नाही. फेस पोर्चभर पसरला, नव्याने बसवलेल्या फाटकाखालून बाहेर पडला आणि उताराला लागून समोरच्या पिठाच्या चक्कीकडे निघाला.

चक्कीच्या मालकीणबाई प्रयागबाई ज्वारीचा डबा खाली ठेवून फाटकापर्यंत आल्या. त्यांनी फेसाकडे पाहिलं, मनोहररावांकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाल्या, "भाऊ, तुमची गाडी तोंडाले फेस आणून राहिली."

मनोहररावांनी इंजिन बंद केलं. रिठ्याचा मंद सुवास दरवळत होता. बापूजी आपल्या फाटकापर्यंत आले, एकवार पाहून हळूच आत गेले, आणि त्या दिवशी पुन्हा दिसले नाहीत.

सोमवारी मनोहरराव इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटरवर, गाडीच्या शोरूममध्ये गेले. तिथे दार आपोआप उघडत होतं आणि आत इतकी थंडी होती की त्यांना भांडारातल्या लसींच्या खोलीची आठवण झाली. काउंटरवर भूमिका नावाची मुलगी होती. हसरी, नम्र, उन्नतीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. मनोहररावांनी तिला सांगितलं की गाडीतली सगळी द्रव्यं बदलायची आहेत. रिठ्याचा उल्लेख त्यांनी टाळला. तक्रार काय, या प्रश्नाला त्यांनी "मुदत" एवढंच उत्तर दिलं.

"गाडी आपल्या नावावर आहे का सर?"

"जावयाच्या नावावर आहे. मी सासरा."

भूमिकाने पडद्यावर काहीतरी शोधलं, पुन्हा शोधलं. "सर, मालकाशी नातं निवडावं लागतं. स्वतः, पती किंवा पत्नी, आई किंवा वडील, मुलगा किंवा मुलगी, चालक. सासरे नाहीत यात."

"इतर असेल ना काही?"

"आहे सर. पण 'इतर' टाकलं की मॅनेजरची परवानगी लागते, आणि ते शुक्रवारपर्यंत रायपूरला आहेत." तिचा चेहरा खरोखर कसनुसा झाला होता. "चालक टाकू का सर? फक्त नोंदीपुरतं."

फक्त नोंदीपुरतं. चौतीस वर्षं ज्याची सही झाल्याशिवाय पॅरासिटामॉलची एक गोळी भांडाराबाहेर पडत नव्हती, त्या माणसाच्या शर्टाच्या खिशाला 'चालक' असं छापलेलं कार्ड लागलं. आणि तोच भूमिका म्हणाली, "मालकांच्या मोबाइलवर ओटीपी गेला आहे सर. त्यांना विचारून सांगाल? तो मिळाला की गाडी न्यायला आमची माणसं येतील. दहा मिनिटांत बाद होतो."

मनोहररावांनी मोबाइल खिशातून काढला आणि परत ठेवला. दुर्गेशला फोन म्हणजे सगळाच उलगडा. "मी जरा बसतो," ते म्हणाले.

दार उघडून दिलं गेलं ते चालकांच्या खोलीचं. सोफ्याच्या दालनात कॉफी होती, इथे चहा होता. चहा कॉफीपेक्षा चांगला असणार असं त्यांनी स्वतःला बजावलं. शेजारी बसलेल्या पांढऱ्या गणवेशातल्या माणसाने आपुलकीने विचारलं, "कोणाकडे आहात काकाजी?"

"दुर्गेश साहेबांकडे."

"चांगले हायेत का साहेब?"

"चांगले आहेत," मनोहरराव म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन पुढे बोलले, "मॅडमही चांगल्या आहेत. फक्त फार दूर राहतात."

"किती वर्षं झाली त्यांच्याकडे?"

"मॅडम जन्मल्या तेव्हापासून आहे मी."

त्या माणसाने आदराने मान हलवली. असा जुना माणूस आजकाल मिळत नाही, असं म्हणून त्याने आपल्यातलं एक बिस्किट पुढे केलं. मनोहररावांनी ते खाल्लं आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं जाऊ दिली. ओटीपीलाही मुदत असते, ही त्या सबंध शोरूममधली एकच गोष्ट त्यांना पटली.

घरी आले तेव्हा कार्ड खिशाला तसंच होतं. कुसुमताईंनी ते काढलं, वाचलं, आणि काही न विचारता ताट वाढायला घेतलं. दोन पोळ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरीले सांगून टाका. ती काय तुमच्यावर खेकसणार हाये का?"

"खेकसली तर बरं," मनोहरराव म्हणाले. "ती समजून घेईन. तेच नाही सोसवत."

हे कुसुमताईंना एकदम समजलं. त्या जेवण झाल्यावर समोर चक्कीवर गेल्या आणि प्रयागबाईंशी बोलून आल्या. प्रयागबाईंचं म्हणणं असं की शोरूमवाल्यांना कार्डं वाटायला पाठवा आणि लकडगंजातल्या कामिनीला बोलवा. "माह्या चक्कीची मोटर दोन मिस्त्रींनी मेली म्हणून सांगतली होती. तिनं अर्ध्या तासात उठवली."

कामिनी गुरुवारी सकाळी आली. चाळिशीची, सलवार-कमीजवर मळका ऍप्रन, मागे छोट्या टेम्पोत चाकं चढवायचे लोखंडी रॅम्प, डबे आणि नळ्या. लकडगंजच्या आरा मशिनींच्या ओळीत तिच्या वडिलांचं गॅरेज होतं. आधी लाकडाचे ट्रक यायचे, मग लाकडाचे व्यापारी मोठ्या गाड्या घेऊ लागले आणि कामिनी त्या गाड्या शिकत गेली. तिने टाकीचं टोपण उघडलं, वास घेतला, आणि मनोहररावांकडे वळली.

"काकाजी, रिठा?"

"हो."

"शिकेकाई नाही टाकली ना?"

"नाही."

"मंग वाचली," कामिनी म्हणाली आणि कामाला लागली. तिने हसू दाबलं होतं ते मनोहररावांना दिसलं, आणि दाबलं याबद्दल ते तिचे ऋणी राहिले.

सकाळभर पोर्चमध्ये जत्रा भरली. साध्या पाण्याने कूलंटचा मार्ग तीनदा धुतला. तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं. मग गाडीची पुढची चाकं रॅम्पवर चढवून खालून जुनं ऑइल काढलं. रविवारपासून घरात दडलेल्या बापूजींना कामिनीने हाक मारून जुन्या ऑइलचा डबा धरायला लावला. बापूजींनी दोन बोटं बुडवली, घासली, वास घेतला. "एका वर्षाच्या वरतं हाये," ते म्हणाले, आणि आठवडाभरात पहिल्यांदा ताठ उभे राहिले.

ब्रेकच्या ऑइलमध्ये कामिनीने पेनासारखं एक यंत्र बुडवलं. त्यावर लाल दिवा लागला.

"पाणी हाये यात," ती म्हणाली. "ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढत राहते काकाजी, गाडी चालो की उभी राहो. मागच्या सर्व्हिसिंगले हे बदललंच नसन. हे दर दोन वर्षांनी बदलाच लागते. इंजिन ऑइल वर्षाले. कूलंट आता टाकलं ते चार वर्षं पाहाचं काम नाही."

"अन् गिअरबॉक्सचं? आयुष्यभराचं?"

"ते कंपनीच्या मनातलं आयुष्य होय. साठ-सत्तर हजार किलोमीटर झाले की मले फोन करा."

मनोहररावांचा जीव भांड्यात पडला. कोणाचं आयुष्य, हे एकदाचं कोणीतरी सांगितलं होतं. ब्रेकचं जुनं ऑइल निघून नवं भरावं म्हणून पुढचा पाऊण तास ते स्टिअरिंगमागे बसून कामिनीच्या आज्ञेबरहुकूम ब्रेक दाबत आणि सोडत राहिले. "दाबा... धरा... सोडा." कुसुमताई दारात उभ्या राहून पाहत होत्या. इतक्या मुकाट्याने त्यांना काही करताना त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं.

सगळं झाल्यावर कामिनीने हात पुसले. "काकाजी, एक विचारू? गाडी चालवता काहून नाही? लायसन नाही का?"

"हाये."

"मंग?"

मनोहरराव फडक्याने बॉनेट पुसू लागले. उत्तर कुसुमताईंनी दिलं. "उन्नती येईन तवा जशी ठेवून गेली तशीच सापडाले पाहिजे, असं हे म्हणते. तिची खोलीबी तशीच ठेवली हाये. मी चादर बदलली तरी ह्यायले चालत नाही."

कामिनी क्षणभर गाडीकडे पाहत राहिली. "मी बदलून देल्लं सगळं," ती म्हणाली. "पण अशीच उभी ठेवली तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. दहा मिनिटं चालू करून बंद केलं की आत पाणी साचते. इंजिन पुरतं तापतच नाही. हप्त्यातून एकदा तीस किलोमीटर चालवा. अन् आज तर चालवाच लागते. कूलंटमधली हवा निघाली पाहिजे. हीटर फुल्ल ठेवून चालवाचं."

"हीटर?"

"फुल्ल."

ऑक्टोबर होता. नागपूरच्या ऑक्टोबरात बिनकामाचा माणूस पंख्याखालून उठत नाही. त्या दुपारी बारा वाजता मनोहरराव गिरडकर, शेजारी कामिनी आणि मागे कुसुमताई असे तिघं एका आलिशान गाडीत, काचा खाली करून, हीटर पूर्ण सोडून, बाहेरच्या रिंगरोडला लागले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. तीस किलोमीटर म्हटल्यावर मागून कुसुमताई म्हणाल्या, "कन्हान तेवढंच होते." कन्हानला त्यांचे धाकटे भाऊ नानाजी राहत. गुडघे दुखू लागल्यापासून, दोन बस बदलून जाणं कुसुमताईंना दोन वर्षांत जमलं नव्हतं, आणि त्यांनी तसं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

पहिले पाच किलोमीटर मनोहररावांनी असे काढले की मागचा ऊस भरलेला ट्रॅक्टर हॉर्न वाजवून पुढे गेला. पुढचे पाच जरा बरे गेले. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतले लोक या घामाने निथळणाऱ्या तिघांकडे वळून पाहत. कामिनीची नजर तापमानाच्या काट्यावर होती. "बराबर हाये," ती अधूनमधून म्हणे, आणि प्रत्येक वेळी मनोहररावांची मान थोडी सैल होई.

तेवढ्यात कुसुमताईंचा फोन वाजला. उन्नती. कुसुमताईंनी स्पीकर लावला.

"आई, गाडी चोरीले गेली का? दुर्गेशच्या फोनवर आलं, गाडी घरापासून दहा किलोमीटर दूर आहे म्हणून."

मनोहररावांनी गाडी रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली घेतली. गाडी सगळं जर्मनीला कळवते, हे त्यांना आत्ता कळत होतं. मग आता लपवायचं काय राहिलं होतं? "गाडी मी चालवून राहिलो, बेटा," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. सत्तेचाळिसावं पान, बापूजी, रिठा, फेस, शोरूम, चालकाचं कार्डही. पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. ती हसत होती.

"बाबा, फेसाच्या दिवशी इकडे लाल अक्षरं आली होती. आम्ही पाहिली. दुर्गेश म्हणाला, विचारू नको, बाबांना सांगावंसं वाटलं की सांगतील. आणि सोमवारी शोरूमचा ओटीपी आला तेव्हा तो ऑफिसची बस सोडून दहा मिनिटं फोन हातात घेऊन बसला होता. तुमचा फोन येईल म्हणून."

मनोहररावांनी उगाचच आरसा सरळ केला.

"आणि बाबा, तुम्ही रविवारी गाडी सुरू करता ना, इकडे साडेसहा वाजलेले असतात. फोनवर टिंग होतं. इंजिन सुरू. मी त्या आवाजाने उठते. म्हणजे बाबा उठले, चहा झाला, आईनं हाक मारली असेल. मग मी पुन्हा झोपते." ती थांबली. "एकदा तुम्हाला ताप होता तेव्हा टिंग झालं नाही. मी लगेच फोन केला होता, आठवतं?"

आठवत होतं. पोरीला इतक्या लांबून कसं कळलं, याचं मनोहररावांना तेव्हा नवल वाटलं होतं. त्यांनी घाम पुसला. हीटर अजून चालूच होता, त्यामुळे नेमकं काय पुसलं ते कामिनीला कळलं नसावं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"बाबा, एक सांगायचं होतं. बरेच दिवस सांगेन म्हणते." उन्नतीचा आवाज बदलला. "कंपनीनं मुदत वाढवली आहे. आणखी दोन वर्षं. तुम्हाला गाडीचा त्रास होतो आहे. दुर्गेश म्हणतो विकून टाकू या."

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. मनोहररावांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"विकू नको," ते म्हणाले. "ब्रेकचं ऑइल आजच बदललं. ते दोन वर्षं चालते. तुम्ही येईपर्यंत पुरते."

उन्नती "बरं बाबा" म्हणाली, आणि काळजी घ्या, हळू चालवा, असं जे मुली म्हणतात ते सगळं म्हणून तिने फोन ठेवला.

कन्हानला नानाजी अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होते. बहीण गाडीतून उतरली तेव्हा त्यांनी आधी ओळखलंच नाही, मग शेंगांतून चालत आले. "ताई, कोणाले घेऊन आली वं?" कुसुमताई म्हणाल्या, "हेच घेऊन आले." दोघं बहीणभाऊ ओसरीवर बसले आणि दोन वर्षांचं बोलत राहिले. कामिनीने बॉनेट उघडून टाकी पाहिली, दोन बोटं कूलंट आणखी घातलं, हीटर बंद केला आणि एसी लावून दिला. "झालं काकाजी. आता हे गाडी तुमच्यासारखी हाये. थोडी थोडी चालत राह्यली पाहिजे, बस."

परत निघताना कामिनी आपण होऊन मागे बसली आणि कुसुमताई पुढे. त्यांनी पट्टा लावून घेतला, एसीची झडप आपल्याकडे वळवली आणि मग बाहेर पाहत हळूहळू बोलू लागल्या. उमरेडला मावशीची सून बाळंत झाली, ते बाळ पाहायचं राहिलं. अदासाचा गणपती पाहून सहा वर्षं झाली. कोराडीला तर नवरात्रात जाऊ म्हणून गेलोच नाही. मनोहरराव ऐकत होते, आरशात पाहत होते, गाडी चालवत होते.

"अन् रामटेक," कुसुमताई म्हणाल्या. "रामटेक तीस किलोमीटरात बसते का जी?"

मनोहररावांनी मनात मोजलं. हुडकेश्वरहून रामटेक साठीच्या घरात जात होतं, आणि ते एका बाजूचं.

"नाही बसत," ते म्हणाले. "पण इंजिनाले चांगलं राहीन."